मदत हवी आहे: शाळा व्यवस्थापन समितीवरचे दोन विद्यार्थी मतदानाने कसे निवडावेत?

वर्गशिक्षिका
जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट १४२. शाळा व्यवस्थापन समितीची पुनर्रचना जवळ आली आहे. १७ जून २०१० च्या शासन निर्णयाप्रमाणे दोन विद्यार्थी स्वीकृत सदस्य घ्यायचे, त्यांत किमान एक मुलगी. आजवर दोन हुशार मुलांची नावे मुख्याध्यापकच घालत आले. या वेळी मुलांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडावेत अशी फार इच्छा आहे. मतदान कोणत्या वर्गांचे घ्यावे? मुलीची जागा कशी राखावी? आणि समितीची मुदत दोन वर्षांची, सातवीचे मूल तर वर्षभरात शाळा सोडणार, त्याचे काय?

माजी केंद्रप्रमुख
मुदतीचा प्रश्न आधी सोडवा. पालक सदस्य दोन वर्षांसाठी, पण विद्यार्थी सदस्य एका शैक्षणिक वर्षासाठी, असा ठराव समितीच्या पहिल्याच सभेत इतिवृत्तात घ्या. दर वर्षी जुलैत नवी निवड. म्हणजे सातवीच्या मुलांना उभे राहू द्यायला अडचण नाही, आणि सभेत धीटपणे बोलणारी मुले बहुधा त्याच वर्गात सापडतात.

मतदार तिसरी ते सातवी, उमेदवार पाचवी ते सातवी. पहिली-दुसरीची मुले शेजारी बसलेल्या ताईदादाचे बघून खूण करतात, म्हणून ती नकोत.

आता मुलीची जागा. प्रत्येकाला दोन मते दिलीत तर ज्या वर्गाचा पट मोठा तो दोन्ही जागा घेऊन जातो. मत एकच द्या, मतपत्रिका एकच ठेवा. मोजणीत सर्वाधिक मतांची मुलगी आधी विजयी घोषित करा. मग उरलेल्या सगळ्यांत, मुलीसुद्धा धरून, ज्याची मते जास्त ती दुसरी जागा. हा क्रम उलटा करू नका. आधी खुली जागा भरली आणि पहिली मुलगीच आली, तर राखीव जागाही मुलीलाच द्यावी लागते आणि दुसऱ्या क्रमांकावरचा मुलगा विनाकारण बाहेर राहतो. ‘किमान एक मुलगी’चा अर्थ तो नव्हे. नियम अर्ज भरण्याआधी फळ्यावर लिहा. मोजणीनंतर सांगितलेला नियम कोणालाच पटत नाही.

समिती सदस्य (पालक)
सरांच्या पद्धतीत एक भोक आहे. एकाच मुलीचा अर्ज आला तर ती एकही मत न मिळवता निवडून येते. निदान तीन मुलींचे अर्ज येईपर्यंत मुदत वाढवा. मुली मागे राहतात त्याचे कारण बहुतेक वेळा सभेची वेळ असते. पालकांच्या सोयीने सभा संध्याकाळी ठेवली की घरचे मुलीला पाठवत नाहीत. निदान विद्यार्थ्यांचे विषय शाळेच्या वेळेत, सभेच्या सुरुवातीलाच घ्या, आणि हे पालकांच्या संमतिपत्रातच लिहा.

माजी केंद्रप्रमुख
बरोबर आहे, हे हवेच.

निवडणूक कामाचा अनुभव असलेला शिक्षक
मतपत्रिकेबद्दल. ए-चारच्या कागदाचे चार भाग करा. नावे वर्णानुक्रमे, प्रत्येकापुढे चिन्ह, कारण तिसरीतल्या काहींना वाचन अडते. पक्षांची चिन्हे टाळा: कमळ, हात, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण तर नकोतच, पण सायकल, पतंग आणि कंदीलही पक्षांची आहेत. पाटी, चेंडू, कंपासपेटी चालतात.

शाईचा शिक्का देऊ नका. घडी घातली की ओली शाई समोरच्या नावावर उमटते आणि दोन खुणा दिसतात. निवडणूक आयोगाच्या बाणफुलीचा उलटा ठसा वेगळा ओळखू येतो, साध्या गोल शिक्क्याचा येत नाही. बॉलपेनने फुली पुरे. प्रत्येक पत्रिकेमागे शिक्षकाची सही, म्हणजे बाहेरचा कागद पेटीत शिरत नाही. बाकावर तिन्ही बाजूंनी पुठ्ठा उभा केला की आडोसा झाला. हजेरीपटावर टिक, नखाला मार्करची खूण.

पेटी उघडल्यावर आधी फक्त कागद मोजा आणि हजेरीच्या टिकांशी जुळवा, मगच नावे वाचा. उमेदवारांचा एकेक मित्र मोजणीला बसवा. फुली दोन रकान्यांच्या रेषेवर असेल तर जिकडे तिचा मध्य, त्याला मत. दोन नावांवर फुल्या असतील तर बाद.

वर्गशिक्षिका
सर्वांचे मनापासून आभार. समान मते पडली तर? आणि निवडून आल्यावर मुलांना सगळ्या विषयांना बसवायचे का?

समिती सदस्य (पालक)
समान मतांना चिठ्ठी, सर्वांसमोर, पहिलीतल्या मुलाच्या हातून.

सगळ्या विषयांना नको. एखाद्या शिक्षकाविरुद्धची तक्रार किंवा एखाद्या मुलाच्या घरची परिस्थिती निघाली की प्रतिनिधींना वर्गात पाठवा. बँक खात्याच्या कागदांवर त्यांची सही घेऊ नका. पण पोषण आहाराची चव, नळाला पाणी, मुलींच्या शौचालयाची कडी, शाळा विकास आराखड्यातली क्रीडासाहित्याची यादी, या विषयांवर आधी त्यांचेच ऐका. सभेच्या चार दिवस आधी दोघांनी प्रत्येक वर्गात दहा मिनिटे जाऊन अडचणी वहीत लिहाव्यात. सभेत ते वही वाचतील, आणि प्रत्येक अडचणीपुढे कोण करणार व कधीपर्यंत, हे सचिव म्हणून मुख्याध्यापकांनी तिथेच लिहावे. पुढच्या महिन्याची सभा त्याच पानापासून सुरू करा.