अँबॅसेडरला इसुझू इंजिन : स्टिअरिंगचे गिअर ठेवता येतील का?

डिचोलीकर : नमस्कार. वडिलांची १९७४ सालची अँबॅसेडर मार्क २ माझ्याकडे आहे. तिचे १४८९ सीसीचे इंजिन तेल पिऊ लागल्याने मी १८१७ सीसीचे जुने इसुझू इंजिन पाच गिअरांच्या गिअरबॉक्ससह आणले आहे. मला मात्र मूळ गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगजवळचा दांडा ठेवायचा आहे. बेल हाउसिंगची (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाची) भोके इसुझूशी जुळत नाहीत. जोडकामाला चाळीस हजारांहून अधिक खर्च शक्य नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

फोंड्याचा पाना : पाच गिअर हाती असताना चार कशाला? मी पूर्ण जोडी बसवली. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) कापून घेतला, पण बॅलन्सिंगचे पैसे वाचवले आणि साठच्या पुढे सीटखाली गिरण सुरू झाली. शेवटी बेळगावला नेऊन बॅलन्स करून आणला. पंच्याऐंशी हजार गेले, पण चोर्ला घाट गाडी हसत चढते.

मडगावचा जुना : इंजिन बदलूच नये. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाडीलाच विंटेज नोंदणी मिळते. तुमची गाडी त्या वयाची झाली आहे आणि तुम्ही तिचे काळीजच काढत आहात.

फोंड्याचा पाना : विंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. त्यांना शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जायचे असेल तर?

मडगावचा जुना : मग रिक्षा करावी. शिवाय इंजिन बदलण्यास आरटीओची परवानगी लागते, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

सांगेकर : पाच गिअरच बसवा. माझा धडा वेगळा आहे. जुन्या इंजिनाचे आटे इंचांचे, इसुझूचे मिलिमीटरचे. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट आठ मिलिमीटरच्या भोकात दोन-तीन फेरे गुपचूप जातो आणि मग अडतो. मी पान्याला पाइप लावून जोर दिला, तेव्हा ॲल्युमिनियमचे आटे किसलेल्या खोबऱ्यासारखे बाहेर आले.

वेर्ण्याचा लेथवाला : मीही पाच गिअरच सुचवीन, पण विचारले आहे ते सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन्हींची भोके असलेली जोडप्लेट लागेल. भोके जुळली म्हणजे काम झाले असे समजू नये. क्रँकचा (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचा) आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आहे की नाही, हे डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाने) तपासल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत, अन्यथा बेअरिंग खाल्ले जाईल. शाफ्टच्या टोकासाठी क्रँकमध्ये नवा पितळी बुश (आधार देणारी नळी) लेथवर वळवून बसवावा. क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हीलला जुळावा आणि तिचे आतले दाते तुमच्या गिअरबॉक्सचे असावेत. जोडप्लेट अकारण जाड केल्यास शाफ्ट बुशपर्यंत पोहोचणार नाही. स्टार्टर इसुझूचाच ठेवून त्याची जागा प्लेटमध्ये आधीच आखावी.

पेडण्याची फियाट : सर्वांनी सांगितलेच आहे, पाच गिअरच बसवा. मी हा खटाटोप टाळून तयार गाडी घेतली, एक लाख ऐंशी हजारांना.

डिचोलीकर : सर्वांचे आभार. जोडप्लेटच करायचे ठरवले आहे. गिअरबॉक्स जागचा हलणार नसल्याने प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागणार नाही आणि पाच गिअरांच्या दांड्यासाठी गाडीच्या फरशीला भोकही पडणार नाही. उरलेल्या पैशांत नवा रेडिएटर बसेल. आरटीओकडे अर्ज आधी करतो. जुने इंजिन विकणार नाही, ग्रीस फासून माटवाखाली (मांडवाखाली) ठेवले आहे. लेथवालेबाब, प्लेट पोलादाची घ्यावी की ॲल्युमिनियमची?