रोलिंग मिलच्या सेन्सर बोर्डावर ईईप्रॉम की एफरॅम?

जालना_पॅनेल:
बिलेट (पोलादाच्या कांडी) मोजणारा काउंटर आणि भट्टीच्या तापमानाचा बोर्ड आहे. 24सी256 ईईप्रॉमवर (वीज गेली तरी माहिती राखणारी मेमरी चिप) दर सेकंदाला 8 बाइट लिहितो, एकाच पत्त्यावर. तीन आठवड्यांत आकडे चुकायला लागतात. लाइट गेली की कधी कधी शेवटची नोंदही खराब. एफरॅम (तशीच माहिती राखणारी, फेरोइलेक्ट्रिक सेलची मेमरी) त्याच जागी बसेल का? 32 केबीच्या चिपला एवढे जास्त पैसे मोजायचे, आणि उद्या ती मिळेल का?

वाळूज_फर्मवेअर:
दादा, ईईप्रॉमची हमी 10 लाख लेखनांची, तीही 25 अंशाला. सेकंदाला एक म्हणजे साडेअकरा दिवस. तीन आठवडे टिकली हेच खूप झालं.

पैसे वाचवायचे तर 64 बाइटांच्या 512 पानांवर फिरवत लिहा. कागदावर 16 वर्षं निघतात, पण मे महिन्यात भट्टीजवळच्या पॅनेलमध्ये तेवढी धरू नका.

एफरॅममध्ये एमबी85आरसी256व्ही घ्या. तोच एसओ-8 (आठ पायांचा) आकार, बसवरचा तोच 0x50 पत्ता, 2.7 ते 5.5 व्होल्ट. 1 लाख कोटी वेळा चालते. यात वाचनही मोजलं जातं, कारण वाचताना सेल पुसला जातो आणि चिप तो परत लिहिते. कोडमधला ईईप्रॉमच्या लेखनासाठीचा 5 मिलिसेकंदांचा थांबा काढून टाका.

लातूर_हार्डवेअर:
थांबा काढला तरी अर्धवट नोंदीचा धोका राहतोच, हे लक्षात घ्या. ईईप्रॉम स्टॉप (लेखन संपल्याचा संकेत) मिळेपर्यंत पान बफरमध्ये ठेवते. एफरॅम बाइट आला की लगेच लिहिते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तर 8 पैकी 3 बाइट नवे, 5 जुने. उपाय: दोन प्रती, प्रत्येकीला क्रमांक आणि सीआरसी (नोंद शाबूत आहे का हे तपासणारा आकडा), आलटून पालटून लिहायचं. सुरू होताना सीआरसी जुळणाऱ्यांतली मोठ्या क्रमांकाची घ्या.

400 किलोहर्ट्झला 8 बाइट पाव मिलिसेकंदात जातात. 24 व्होल्टच्या बाजूला 470 मायक्रोफॅरड आणि लिनिअर रेग्युलेटर असेल तर 20 मिलिअँपिअरवर 8 व्होल्टपर्यंत उतरायला 0.37 सेकंद मिळतात. पण कपॅसिटरच्या आधी डायोड हवाच. तो नसला तर त्याच लाइनवरच्या रिलेच्या कॉइल सगळा चार्ज खाऊन टाकतात.

जालना_पॅनेल:
डायोड नाही! रिले त्याच लाइनवर आहेत. पुरवठ्याचं काय, भाऊ?

वाळूज_फर्मवेअर:
मोठे मेमरीवाले गिगाबिटच्या मागे आहेत, 256 किलोबिटात (म्हणजे 32 केबीत) त्यांना रस नाही. खास चिपवाल्यांचा धंदाच मीटर, पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) आणि सेन्सरवाल्यांना पिन-जुळणी आणि लांबचा पुरवठा देण्यावर चालतो. एफरॅम बनवणारी रॅमट्रॉन 2012 मध्ये सायप्रसकडे गेली, सायप्रस 2020 मध्ये इन्फिनिऑनकडे, तरी तिची एफरॅम चिप एफएम24डब्ल्यू256 त्याच नंबरने चालू राहिली. तुमच्या फूटप्रिंटवर (बोर्डावरच्या चिपच्या जागेवर) तीही बसते. बीओएममध्ये (सुट्या भागांच्या यादीत) दोन्ही नंबर टाका आणि कोड दोन्हींवर तपासूनच बोर्ड छापायला द्या.

एमरॅमच्या (चुंबकीय मेमरीच्या) नादी इथे लागू नका. तिच्यात माहिती चुंबकीय रूपात साठते आणि इंडक्शन भट्टीचे बसबार शेजारीच.