मदत हवी आहे: पोफळीच्या रोपांना सावली कशाची करावी?

श्रीवर्धनजवळ आमची १५ गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माड-पोफळी बहुतेक सगळ्या आडव्या झाल्या. आळीतल्या लोकांनी एकमेकांच्या वाड्यांतले ओंडके ओढून काढले, रोठा या इथल्या जातीच्या सुपारीची रोपं वाटून घेतली आणि पुन्हा लागवड केली. माणसं खरंच खचली नाहीत.

आता अडचण उन्हाची आहे. माडांचं छत गेल्यामुळे दुपारनंतरचं ऊन थेट रोपांवर येतं. पश्चिमेकडची पानं आधी पिवळी पडतात, मग टोकापासून करपत जातात. रोग नाही, कृषी सहायकांना दाखवलंय. ठिबक आणि शेणखत चालू आहे.

झावळ्यांचा आडोसा करून पाहिला, शेडनेट वाऱ्याने फाटली. केळी छान वाढली होती, पण एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ (थोडं खारट) होतं आणि ती बसते. टँकर परवडत नाही. नवे माड लावलेत, पण त्यांची सावली मिळायला अजून बरीच वर्षं जातील.

वादळानंतर ज्यांनी वाडी पुन्हा उभी केली त्यांना विचारायचंय: सावलीसाठी शेवरी, गिरिपुष्प आणि पांगारा या झाडांपैकी मचूळ पाण्यावर, खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं? आणि पोफळीपासून किती अंतरावर लावायचं?