पाटी लावली की जबाबदारी संपते?

‘आवार आमचं, फाटकावर कुत्र्याची पाटी आहे, मग आत येणाऱ्याने स्वतःला सांभाळावं’ असं पाळलेला कुत्रा आवारात कुणाला चावला तर जबाबदार कोण, या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (पूर्वीच्या भारतीय दंड विधानातलं कलम २८९) बघा. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घटना रस्त्यावर घडली की तुमच्या अंगणात, असा भेद त्या कलमात नाही. आणि पाटीचं म्हणाल, तर धोका तुम्हाला माहीत होता हेच ती सांगते, असं मला वाटतं.

मी अकरा वर्षं वीजमीटरचं रीडिंग घेतलंय. निम्म्या बंगल्यांत मीटर जिन्याखाली, म्हणजे फाटक उघडून आत जाण्याशिवाय इलाज नाही. एकदा बेल वाजवली, ‘कुत्रा बांधा’ म्हणून हाक मारली. आतून उत्तर आलं, ‘या हो, तो काही करत नाही.’ चौथ्या पावलाला पोटरी धरली त्याने. मालक धावत आले आणि पहिलं वाक्य काय, तर ‘पाटी दिसली नाही का?’ अहो, तुम्हीच ‘या’ म्हणालात ना! इंजेक्शनांसाठी चार खेपा घातल्या, रजा गेली ती वेगळी. त्याच गल्लीतल्या एक आजी मात्र बेल ऐकली की आधी कुत्र्याला मागच्या खोलीत नेऊन कडी लावायच्या, मगच फाटक उघडायच्या. त्यांच्याकडे पाटी नव्हती.