नवऱ्याचा वानर केला, हे नियमात बसतं का?

रामबागकर
इंदूरच्या आमच्या मंडळाच्या हस्तलिखित अंकात यंदा गूढ शब्दकोडं आलंय. सूचनेच्या एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या शब्दांत अक्षरांची करामत, कंसात उत्तराची अक्षरसंख्या. चार संध्याकाळी घालवल्या, एक सूचना सोडून सगळं सुटलं. ती अशी: 'बिथरलेला नवरा, झाडांवरून उड्या मारणारा (३)'. उत्तर दिलंय 'वानर'!
'बिथरलेला' म्हणजे अक्षरं विस्कटायची, एवढं कळतं हो. पण नवरा म्हणजे न, व, रा. वानर म्हणजे वा, न, र. माझ्याकडे 'रा' आहे, 'वा' कुठून आणू? याच अंकात 'तडफडणारी मगर, चांगलीच तापलेली (३)' म्हणजे 'गरम' आहे. तिन्ही अक्षरं जशीच्या तशी, फक्त जागा बदलल्या. याला म्हणतात चोख. एका चौकटीत एक अक्षर, आणि काना त्या अक्षराला चिकटलेला. तो उपटायचा नाही.

कोडेखोर
साफ नामंजूर. न, व, र आणि एक काना, दोन्हीकडे माल तोच. इंग्रजीत स्वर सुटे असतात म्हणून तिकडे अक्षरांची उलथापालथ रंगते. तुमच्या सोवळ्यात काय उरतं? मगर-गरम, जहर-हजर, कलम-कमल. दर अंकात तीच मगर तापवायची का?

रामबागकर
मग जोडाक्षरंही फोडा! क्ष चा क् एका चौकटीत, ष दुसरीत. वेलांट्या टोपलीत गोळा करा.

पुण्याची भाची
मला मावशीने अंकाचे फोटो पाठवले. काना राहू द्या, माझी तक्रार वेगळीच आहे. 'हिंदीत घ्यावी, मराठीत भोगावी (२)'. उत्तर 'शिक्षा'. मराठी कोड्यात हिंदी अर्थ कशाला? आम्ही काय शब्दकोश घेऊन बसायचं?

सराफ्यातली सून
अगं, अख्ख्या कोड्यात तीच तर सगळ्यात झकास! इथे पोरं हिंदी शाळेत शिक्षा घेतात आणि घरी आजीकडून शिक्षा भोगतात. एकच शब्द, दोन्ही अर्थ रोजच्या वापरातले. शिवाय 'हिंदीत' असं सूचनेतच लिहिलंय, लपवाछपवी कुठे आहे?

पुण्याची भाची
बरं, ती मान्य. पण 'सारात आकाश, चहात हवीच (३)'? साखर आली, ख कसा आला ते कळलं नाही.

जुना खेळाडू
ख म्हणजे आकाश, संस्कृतातला. खग, खगोल आठव. 'सार'च्या मधोमध ख ठेवला की साखर. इंग्रजीवाल्यांकडे दिशांची आद्याक्षरं असतात, आपल्याकडे असे एकाक्षरी शब्द आणि सात सूर. मी असतो तर 'षड्जापाठोपाठ गाढव, चहात हवीच' अशी सूचना दिली असती. सा आणि खर.
आता काना. हे भांडण विलायतेतही झालंय. ऑब्झर्व्हर या इंग्रजी वृत्तपत्रात १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाचा कोडेकार कोडी घालायचा, पण त्याच्या सूचना पुष्कळदा बेबंद असत. १९३९ मध्ये त्याच्या जागी झिमेनीज (हेही टोपणनावच) आला. पुढे त्याने शिस्त घालून दिली: नेमका अर्थ, रास्त करामत, आणि तिसरं काही नाही. त्या मापाने 'बिथरलेला' शब्द अक्षरं हलवायची परवानगी देतो, काना तोडायची नाही. रामबागकर, नियमाने तुमचं बरोबर आहे. तरी वानर मला आवडला. बायकोला वाचून दाखवला तर ती म्हणाली, यात कोडं काय आहे?

कोडेखोर
मग परवानगी मागून घेऊ. 'नवरा बिथरला, काना निसटला, झाडांवरून उड्या मारणारा (३)'. आता?

रामबागकर
निसटला म्हणजे गेला. गेल्यावर उरतं न, व, र. वानरात काना आहे!

कोडेखोर
'काना सरकला' करा.

रामबागकर
सरकला चालेल. पण हे अंकातल्या सूचनेत नव्हतं, त्यामुळे माझी ती चौकट कोरीच धरा. आणि १२ उभा कुणाला सुटला? 'उलटा डबा, हाती जुनी पोथी (२)'. मी 'बाड' लिहिलंय. इथे बा अख्खा उलटलाय, काना कुणी हलवला नाही. बघा म्हणावं.