बाबांच्या इन्फ्युजनआधी चार औषधं का देतात? शरीर आरएनएवर चिडतं की वेष्टनावर?

एडिसनची_लेक
नमस्कार मंडळी, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून लिहितेय. बाबा 74 वर्षांचे, वजन 62 किलो, मधुमेह जुना. पायांच्या मुंग्यांचा दोष चार वर्षं सगळे साखरेलाच देत राहिले. शेवटी जनुक-चाचणीत ट्रान्सथायरेटिनचा आनुवंशिक अमायलॉइडोसिस (यकृतात बनणारं एक प्रथिन बिघडून नसांत साचतं तो आजार) निघाला. आता दर तीन आठवड्यांनी पॅटिसिरान हे आरएनएचं औषध शिरेतून चढवतात. परवा नववं झालं.

प्रश्न मूळ औषधाचा नाही, त्याच्या वऱ्हाडाचा आहे. सलाइन लावायच्या तासभर आधी डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) 10 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल, बेनाड्रिल आणि फॅमोटिडीन. बेनाड्रिलने बाबा खुर्चीतच घोरायला लागतात, ते चालेल. पण डेक्सामुळे त्या संध्याकाळी साखर 280 च्या वर जाते आणि रात्रभर डोळे टक्क उघडे. पहिल्या वेळी चेहरा लाल झाला, पाठ दुखली. नर्सने ठिबक थांबवून परत हळू लावलं. त्यानंतर एकदाही काही नाही. बाबा म्हणतात, "मला काही होत नाही, मग दर वेळी ही जावयाची सरबराई कशाला?"

आम्ही घेतलेली कोविडची लसही आरएनएचीच होती ना? तेव्हा दंड दुखला, संपलं. मग इथे एवढा बंदोबस्त का?

माटुंगा_78
मी माटुंग्याच्या यूडीसीटीतला (रसायन-तंत्रज्ञानाचं कॉलेज). औषध कशात घालून द्यायचं, याच कामात सगळी नोकरी झाली. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

आधी हिशोब कर. मात्रा किलोमागे 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे बाबांना 18.6 मिलिग्रॅम आरएनए. फायझरच्या लशीत 30 मायक्रोग्रॅम होतं. वजनाने 620 पट! शिवाय लस दंडात, हे थेट रक्तात. आणि आरएनए एकटं येत नाही. त्याच्याभोवती चार प्रकारच्या स्निग्ध रेणूंचं वेष्टन असतं, ते आरएनएच्या बारा पट भरतं. म्हणजे साधारण सव्वा तासात जवळपास 220 मिलिग्रॅम अनोळखी मेद बाबांच्या रक्तात जातो.

रक्तात 'कॉम्प्लिमेंट' नावाची तीसहून जास्त प्रथिनांची फौज गस्त घालते. साधारण विषाणूएवढा गोळा दिसला की ती त्याला चिकटते आणि आरडाओरडा करते. त्या आरड्याओरड्याने मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात: चेहरा लाल, पाठ दुखते, छाती भरल्यासारखी. गंमत म्हणजे ही खरी ॲलर्जी नव्हे. खऱ्या ॲलर्जीला आधीची ओळख लागते. हे पहिल्याच भेटीत होतं. पॅटिसिरानच्या चाचणीत ज्यांना त्रास झाला, त्यातल्या 79 टक्क्यांना तो पहिल्या दोन इन्फ्युजनमध्येच पहिल्यांदा झाला. तुझ्या बाबांचं तसंच.

आता वऱ्हाडाकडे बघ. बेनाड्रिल (तेच, आपल्याकडचं खोकल्याचं लाल औषध) आणि फॅमोटिडीन हिस्टामिनचे दोन वेगवेगळे दरवाजे लावतात. डेक्सा पेशींची बोंबाबोंब खाली आणतं. पॅरासिटामॉल ताप-अंगदुखीसाठी. आणि पाचवं औषध तू मोजलंच नाहीस: वेग. पहिली 15 मिनिटं मिनिटाला 1 मिली, मग 3 मिली. 200 मिलीच्या पिशवीला 80 मिनिटं लागतात ती त्यामुळेच. तीच मात्रा भसकन सोडली तर फौज एकदम जागी होईल.

आरएनएचा दोष नाहीच असंही नाही. पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये टीएलआर-7, टीएलआर-8 असे पहारेकरी बसतात, परकं आरएनए दिसलं की इंटरफेरॉनचा भोंगा वाजवतात. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी 2005 मध्ये तुमच्या शेजारी फिलाडेल्फियात दाखवलं, की आरएनएच्या अक्षरांत छोटा रासायनिक बदल केला तर पहारेकरी डोळेझाक करतात. 2023 चं नोबेल त्यावरच मिळालं. पॅटिसिरानमध्येही काही अक्षरांवर मिथाइलची टोपी आहे, म्हणून तिथला भोंगा बराच गप्प.

लशीचं उलटं. तिथे थोडी बोंब हवीच असते, त्याशिवाय अँटिबॉडी कशा तयार होणार? वेष्टनातला मेद तिथे स्वतःच चेतवणीचं काम करतो. दंड दुखला तो त्याचाच प्रसाद. एकच गोळा, लशीत गुण आणि सलाइनमध्ये उपद्रव.

माझा कौल वेष्टनावर, आणि त्याला पुरावा आहे. व्हुट्रिसिरान हे त्याच आजाराचं, त्याच जातीचं औषध. त्यात गोळाच नाही. आरएनएला साखरेचे तीन रेणू बांधलेले, यकृताच्या पेशी ते ओळखून आत घेतात. तीन महिन्यांतून एकदा कातडीखाली सुई. आधी ना डेक्सा, ना बेनाड्रिल.

हिंजवडी_कट्टा
काका, एक शंका. या वेष्टनात पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) असतं ना? कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री तांब्यांनी पितो तेच? मग त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी आधीच असतील तर?

(इथली, म्हणजे पुण्याची, आरएनएची कोविड लस जेनोव्हा कंपनीची, जून 2022 मध्ये परवानगी मिळालेली. फ्रीजच्या 2 ते 8 अंशांत राहते, हे मी पाहुण्यांना उगाच अभिमानाने सांगत असतो.)

माटुंगा_78
असतात बऱ्याच जणांत. सौंदर्यप्रसाधनांतही पीईजी असतं. अशा अँटिबॉडी गोळ्याला धरून लवकर रक्तातून काढून टाकू शकतात, मग पुढचा डोस वाया. पण पॅटिसिरानमध्ये पीईजीची शेपटी आखूड मेदाला जोडलीय, रक्तात शिरल्यावर ती पटकन गळते. मग त्या जागी आपल्याच रक्तातलं ॲपोलिपोप्रोटीन-ई बसतं आणि यकृत त्याला घरचाच मेद समजून आत घेतं. चाचण्यांत 194 रुग्णांपैकी 7 जणांत अशा अँटिबॉडी सापडल्या, औषधाच्या परिणामावर फरक दिसला नाही.

सिस्टर_सांगलीकर
मी इन्फ्युजन सेंटरला नर्स आहे. काकांचं शास्त्र झालं, आता कामाचं.

ताई, औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय: इन्फ्युजन नीट सोसतंय पण स्टिरॉइडचा त्रास होतोय, अशांचं डेक्सा 2.5 मिलिग्रॅमच्या टप्प्याने कमी करता येतं, 5 पर्यंत. त्याखाली नाही. पण हे डॉक्टरांनीच करायचं. घरी मनाने गोळी अर्धी करू नका, आणि बाबांना "मला काही होत नाही" म्हणून नकार देऊ देऊ नका. काही होत नाही ते या चार औषधांमुळेच, असं धरून चाला.

डेक्साचा अंमल दीड-दोन दिवस राहतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचीही साखर लिहून ठेवा. आकडे घेऊन गेलात तर डॉक्टर ऐकतात, नुसतं "वाढते हो" म्हटलं तर मान हलवतात.

एडिसनची_लेक
उशिरा लिहितेय. सिस्टर, आकड्यांचा कागद नेला, डॉक्टरांनी लगेच 10 चं 7.5 केलं. काल दहावं इन्फ्युजन झालं. संध्याकाळची साखर 241, झोप पहाटे दोनला का होईना, लागली. पहिली 15 मिनिटं बाबा ठिबकाकडे घड्याळ लावून बघत होते. म्हणाले, "माटुंगावाल्याचा हिशोब बरोबर आहे."

व्हुट्रिसिरानचे कागद विमा कंपनीकडे गेलेत. त्यावर बाबांची एकच तक्रार: शेजारच्या खुर्चीत नवार्कचे एक पोर्तुगीज आजोबा याच आजारासाठी येतात, दोघांनी मिळून पत्त्यांचा डाव बसवलाय, तो मोडेल.