टाहुयाच्या जंगलासाठी हलकी टू-स्ट्रोक डर्ट बाईक: कोणती घ्यावी?

रानवाट
नमस्कार मंडळी. सिएटलजवळ राहते. इथल्या टाहुया आणि कॅपिटल फॉरेस्ट या जंगलांतल्या सिंगल ट्रॅकसाठी, म्हणजे एका गाडीपुरत्या अरुंद वाटांसाठी, हलकी टू-स्ट्रोक शोधतेय. उंची ५ फूट ४, वजन ५८ किलो. सध्या मैत्रिणीची फोर-स्ट्रोक २३० सीसी चालवते. चढावर मुळांत अडकली की ती उचलतानाच निम्मा जीव जातो. झाडं इतकी दाट की टॉप स्पीडचा उपयोग शून्य. बजेट ४००० डॉलर, सेकंडहँड चालेल. रस्त्यावर न्यायची नाही, पिकअपमध्ये टाकून नेणार.

धुरळा
डोळे झाकून केटीएम ३०० घ्या. मी नवीच घेतली. दुसऱ्या गिअरमध्ये पुटपुटत कुठलाही चढ चढते, क्लचला हात लावावा लागत नाही. बटण दाबलं की चालू. दहा हजारांच्या वर जाते, पण वस्तू एकदाच घेतो आपण.

सांगलीकर_आरएक्स
भावा, आरएक्स १०० सारखी गाडी झाली नाही आणि होणार नाही. ९८ सीसी, १०३ किलो. आमच्याकडे १९८९ ची आहे, अजून एका किकमध्ये. चार लाख देतो म्हणाले, दिली नाही.

चिखलगुंड्या
@सांगलीकर_आरएक्स, पहिली गोष्ट, त्या "राहते" लिहितायत, भावा कुठून आला? दुसरी गोष्ट, आरएक्स रस्त्याची गाडी आहे. डर्ट ट्रॅकवर पोरांनी पळवली ते ठीक, पण तिचं सस्पेन्शन मुळांवर घातलं तर कंबरेचे टाके ढिले होतील.

सांगलीकर_आरएक्स
ताई, माफ करा. पण सुझुकी शोगन आणि आरएक्सवरच इथली डर्ट रेसिंग वाढली हे विसरू नका.

ओली_मुळं
ऑलिंपियात राहतो, कॅपिटल फॉरेस्ट घरामागेच. तुमच्या वजनाला ३०० ची गरज नाही. वजनकाट्यावर १२५ आणि ३०० मध्ये फार फरक नसतो. पण मोठ्या इंजिनात फिरणारे भाग जड, त्यामुळे वळवताना ३०० जड लागते. झाडांमधून सतत डावी-उजवी करताना तेच हातांना जाणवतं.

यामाहाची वायझी १२५ बघा, त्यातही नावापुढे एक्स असलेली. साधी वायझी मोटोक्रॉसची, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतीची, तिचं मागचं चाक १९ इंची. एक्सचं १८. अठरात टायरची भिंत उंच, म्हणून हवा कमी ठेवता येते आणि ओल्या मुळांवर पकड मिळते. मोटोक्रॉसची गाडी घेतलीत तर स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारी जाळी) वेगळा बसवावा लागेल, त्याशिवाय सरकारी जंगलात जाऊ नका. ओआरव्हीचा, म्हणजे ऑफ-रोड गाडीचा, टॅगही लागतो. आणि कॅपिटल फॉरेस्टच्या मोटरवाल्या वाटा १ डिसेंबर ते ३० एप्रिल बंद असतात, तेव्हा घाई करून महाग घेऊ नका.

धुरळा
१२५ ला खाली, म्हणजे कमी आरपीएमला, दमच नाही. सतत किंचाळवत ठेवावी लागते. अरुंद वाटेत आरपीएम पडला की बंद, मग उतारावर उभं राहून किक मारत बसा. ३०० च.

ओली_मुळं
त्यासाठी फ्लायव्हील वेट असतं, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकाला जोडायचं वजन. जड फ्लायव्हील बसवलं की इंजिन हळू चढतं, हळू उतरतं, पटकन बंद पडत नाही. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दाता कमी करा. एक बोट कायम क्लचवर. आणि नजर दोन झाडांच्या मधल्या फटीकडे, खोडाकडे बघितलंत की खोडातच जाणार.

घाटवेडा
नशीबवान आहात. आपल्याकडे आंबोली, तिलारीत असं काही करायला गेलं की वनखातं गाडी जप्त करतं.

चिखलगुंड्या
बरोबरच करतं. राखीव जंगलात मोटरसायकल घालायचीच कशाला? तिथे त्यासाठी वाटा आखून दिल्यात, इथे नाहीत. भाड्याच्या शेतात ट्रॅक करा की.

घाटवेडा
शेत कोण देतं हो भाड्याने, सांगा ना.

लीड्सकर
बीटा एक्सट्रेनर. सीट ९१० मिमी, ३०० वाल्या बाकी एन्ड्युरो (जंगलवाटांच्या गाड्या) ९५० च्या आसपास. पाय टेकणं हेच अरुंद वाटेत खरं सुख. इंजिन मुद्दाम मवाळ ठेवलंय. इंग्लंडात मी तीच चालवतो. तुमच्या बजेटच्या थोडी वर जाईल.

रानवाट
धन्यवाद. बजेट ४००० आहे, परत सांगते.

फसलेला_गडी
कोणतीही घ्या, पण विकणारा "नुकताच टॉप एंड केलाय", म्हणजे पिस्टनचं काम केलंय, म्हणाला की सावध. मला तेच सांगितलं होतं. पिस्टन खरंच नवा होता, क्रँकचं बेअरिंग मात्र खुळखुळत होतं. इंजिन खाली उतरवावं लागलं, गाडीच्या निम्मे पैसे त्यातच. जायच्या आधी फोन करून बजावा: गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर किक मारून चालू झालं पाहिजे. फ्लायव्हीलचं झाकण काढून ते वर-खाली हलवून बघा, खेळ जाणवला तर घरी या.

धुरळा
म्हणूनच नवी घ्या म्हणतोय.

सांगलीकर_आरएक्स
थंड इंजिनचं बरोबर बोलला गडी. आरएक्सलाही हेच.

रानवाट
अपडेट. कावासाकी केडीएक्स २०० घेतली, २००३ ची, २४०० डॉलरला. इथे कुणी नावही घेतलं नव्हतं. खाली दम आहे, कारण मूळचीच जंगलासाठी बनवलेली. १८ इंची चाक, स्पार्क अरेस्टर आधीच बसवलेला. थंड इंजिनला किक समोर मारून घेतली, फ्लायव्हील हलवून बघितलं. सगळे म्हणतात हिचं सस्पेन्शन मऊ आहे, पण ते ८५ किलोच्या माणसाला. ५८ किलोला बरोब्बर बसतंय. उरलेल्या पैशांत बूट, गुडघ्याचे गार्ड आणि पूर्ण वळसा घालणारे हँडगार्ड. हँडल दोन्ही बाजूंनी थोडं कापून घेतलंय.

धुरळा
वीस वर्षं जुनी? इलेक्ट्रिक स्टार्टशिवाय? पार्ट मिळेनात मग या इथे रडत.

ओली_मुळं
झकास घेतलीत. खूप वर्षं बनली, पार्ट भरपूर मिळतात. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून जाऊ नका, तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. मधेमधे थ्रॉटलला जरा ब्लिप, म्हणजे क्षणभर झटका, द्या.

रानवाट
लक्षात ठेवते. पेट्रोल-तेलाचं मिश्रण ३२ ला १ ठेवू की ४० ला १?

फसलेला_गडी
३२. लिटरला ३१ मिली तेल.

लीड्सकर
४०. लिटरला २५. चांगलं सिंथेटिक असेल तर ५० लाही चालते.

सांगलीकर_आरएक्स
आम्ही डोळ्याच्या अंदाजानेच ओततो.

फसलेला_गडी
५० ला कोण चालवतंय जुनी गाडी? उद्या पिस्टन जाम झाला की तुम्ही भरून देणार का?